कुणाला विचारायचं?

महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत महानगरपालिकेच्या कामांची यादी असते: पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती, कचरा, दवाखाने. सहावीतलं मूल ती घडाघडा म्हणून दाखवतं आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतं. तेच मूल जयपूरच्या जवाहरनगरात राहत असेल तर यादीतला पहिलाच शब्द चुकतो. इथे नळाला येणारं पाणी नगर निगमचं, म्हणजे इथल्या महानगरपालिकेचं, नसतं. ते राज्य सरकारच्या जनस्वास्थ्य अभियांत्रिकी विभागाचं असतं. लोकांच्या तोंडी तो ‘जलदाय विभाग’. टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बिसलपूर धरण आहे, तिथलं पाणी जयपूर पितं. नळ कोरडा पडला तर वॉर्डातला पार्षद, म्हणजे नगरसेवक, फार तर एखादा फोन लावून देईल, पण काम त्याच्या हातातलं नाही. तक्रार जलदाय विभागाकडे जाते आणि जाब विधानसभेत विचारला जातो, कारण ते खातं मंत्र्याचं. पुण्यातल्या मावसभावाने मात्र हाच प्रश्न नगरसेवकाला आणि महापालिकेलाच विचारायचा असतो.

या पुस्तिकेत प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी शासनव्यवहाराचे शब्द जमवले आहेत. निवडताना एकच कसोटी लावली. व्याख्या पाठ झाली म्हणजे शब्द कळला असं इथे धरलेलं नाही. तो शब्द हाती आल्यावर कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं हे मुलाला सांगता आलं, तर कळला.

पुस्तिका जवाहरनगरातल्या आणि आसपासच्या मराठी घरांसाठी आहे. जयपूरच्या पूर्वेकडचा हा भाग सेक्टरांत आखलेला आहे. एका अंगाला राजापार्क, आदर्शनगर आणि टिळकनगर, दुसऱ्या अंगाला झालाण्याचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याने पसरलेली कच्ची बस्ती. बदलीच्या नोकरीने इथे आलेली आणि मग इथलीच होऊन गेलेली मराठी कुटुंबं जयपुरात आहेत. त्यांच्या मुलांना शाळेत ‘विधायक’ भेटतो आणि घरी आजोबांच्या बोलण्यात ‘आमदार’. शाळेत ‘सांसद’, घरी ‘खासदार’. शाळेत ‘चुनाव’, घरी ‘निवडणूक’. शाळेत ‘संविधान’, आणि आजोबा म्हणतात ‘राज्यघटना’; हे ऐकून हिंदीत शिकणारं मूल हमखास विचारतं की राज्यात कुठली घटना घडली. मुलं हे सगळं फार चटकन सांभाळून घेतात, त्याची काळजी नको. काळजी वेगळी आहे. दोन शब्द शेजारी लिहून मध्ये बरोबरचं चिन्ह काढलं की काम झालं, असं मोठ्यांना वाटतं. पुष्कळदा ते चिन्ह खोटं असतं.

‘आमदार’ आणि ‘विधायक’ हीच जोडी घ्या. महाराष्ट्रात विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत, २८८ जणांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद. मराठीत दोन्हीकडच्या सदस्यांना आपण सर्रास आमदार म्हणतो. राजस्थानात विधान परिषदच नाही. ज्योतीनगरच्या इमारतीत २०० जागांची विधानसभा भरते आणि तेवढंच विधिमंडळ. त्यामुळे इथला प्रत्येक विधायक कुठल्या ना कुठल्या मतदारसंघातून लोकांनी थेट निवडून दिलेला असतो. महाराष्ट्रातला प्रत्येक आमदार तसा असतोच असं नाही. जवाहरनगरच्या मुलाने ‘आमचा आमदार कोण?’ असं विचारलं तर उत्तर एका नावाचं येतं. हाच प्रश्न नाशिकच्या मुलाने विचारला तर शिक्षक मतदारसंघ, पदवीधर मतदारसंघ असं बरंच निघतं, आणि मोठ्यांनाही घाम फुटतो.

गावपातळीवर तर हा फरक आणखी खोल जातो, आणि तिथे राजस्थान-महाराष्ट्राचा एक जुना धागा आहे. २ ऑक्टोबर १९५९ रोजी पंतप्रधान नेहरूंनी राजस्थानातल्या नागौर इथे पंचायत राज्याची सुरुवात केली. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली सुचवलेली तीन पायऱ्यांची रचना तिथे प्रथम उभी राहिली. त्यात वजन दिलं होतं मधल्या पायरीला, म्हणजे पंचायत समितीला. तिचा प्रमुख तो ‘प्रधान’. ग्रामीण राजस्थानात प्रधान हा शब्द अजून ज्या दबदब्याने उच्चारला जातो त्याचं मूळ इथे आहे. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समिती नेमली, ती वेगळ्या निष्कर्षाला आली. विकासाची कामं, शाळा, दवाखाने हे सगळं पेलायचं तर जिल्ह्याची पातळी हवी, असं तिने म्हटलं. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. म्हणून मराठी माणसाच्या मनात ‘झेडपी’चा अध्यक्ष मोठा आणि पंचायत समितीचा सभापती त्याच्या खालचा. राजस्थानात जिल्हा परिषदेच्या प्रमुखाला ‘जिला प्रमुख’ म्हणतात. सभापती म्हणजे प्रधान, अध्यक्ष म्हणजे जिला प्रमुख, एवढं कोष्टक पुस्तिकेत दिलं आहे. पण त्याखाली दोन्ही ठिकाणी पैसा आणि निर्णय कुठल्या पायरीवरून खाली आला हेही दोन ओळींत सांगितलं आहे. त्याशिवाय कोष्टक म्हणजे नुसती नावांची अदलाबदल.

शहरातल्या मुलाला हे दूरचं वाटेल. त्याच्यासाठी वीजबिल आहे. जवाहरनगरच्या घरी येणाऱ्या बिलावर वरच ‘जयपूर विद्युत वितरण निगम’ असं असतं. मूल म्हणतं, म्हणजे नगर निगमच ना? नाही. एक निगम लोकांनी मतं देऊन निवडलेल्या पार्षदांचं, दुसरं सरकारच्या मालकीची कंपनी. तिला कुणी मत देत नाही. आणि तिसरं नाव रस्त्यावरच्या पाट्यांवर दिसतं, जयपूर विकास प्राधिकरण. १९८२ च्या कायद्याने झालेलं, शहराची आखणी करणारं, आणि तेही मतदानाने न येणारं. एकाच रस्त्याने शाळेत जाताना मुलाच्या पायाखाली या तिघांची कामं येतात. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक संस्थेच्या नावापुढे एक छोटा चौकोन आहे आणि त्यात ‘निवडलेली’ किंवा ‘नेमलेली’ एवढंच लिहायचं आहे. माझ्या मते नागरिकशास्त्राच्या शंभर शब्दांत हे दोनच फार महत्त्वाचे, आणि प्राथमिकच्या पुस्तकांत नेमके तेच कुठेतरी कोपऱ्यात असतात.

कचऱ्याचं मात्र सोपं आहे. महाराष्ट्रात घंटागाडी येते, जयपुरात हूपर येतो. हूपर नगर निगमचा. तो आला नाही तर पार्षदाला विचारायचं, आणि इथे पार्षदाकडे जाणं अगदी बरोबर.

राज्यपालांच्या पानाबद्दल थोडं. जुलै २०२४ मध्ये हरिभाऊ बागडे राजस्थानचे राज्यपाल झाले. ते फुलंब्रीकडचे, महाराष्ट्र विधानसभेचे माजी अध्यक्ष. त्यांच्या आधी २००४ ते २००७ या काळात प्रतिभाताई पाटील याच पदावर होत्या, तिथूनच त्या राष्ट्रपती झाल्या. साहजिकच मराठी घरांत मुलांना हे कौतुकाने सांगितलं जातं, आणि मूल समजतं की ‘आपल्या माणसाला’ राजस्थानच्या लोकांनी निवडून दिलं. तर तसं नाही. राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात, आणि सहसा दुसऱ्या राज्यातली व्यक्ती पाठवतात. कौतुक जरूर करावं, पण चौकोनात ‘नेमलेले’ लिहून झाल्यावर.

शब्द घडवण्याच्या बाबतीत मराठीची परंपरा जुनी आणि जरा भांडखोर आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापवला, त्यात एकेका शासकीय शब्दाला अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडलेले. म्हणजे गुजरातेत बसून मराठी राजाने जे काम केलं तेच आपण राजस्थानात लहान प्रमाणात करतो आहोत, असं म्हणायला हरकत नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय निघालं, १९६२ साली पदनाम कोश आला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपून काढलं. अत्र्यांचा विनोद लोकांच्या लक्षात राहिला. त्या कोशातली कितीतरी नावं मात्र निमूटपणे कचेऱ्यांच्या दारांवर जाऊन बसली. सावरकरांचा म्हणून ओळखला जाणारा ‘महापौर’ तर आता हिंदीतही चालतो, जयपूरच्या वर्तमानपत्रांत रोज दिसतो. कृत्रिम वाटणारा शब्द टिकतो की पडतो हे तो किती सुंदर आहे यावर ठरत नाही, लोकांना त्याचं काम पडतं का यावर ठरतं. पुस्तिकेत त्यामुळे ‘कलेक्टर’, ‘वॉर्ड’, ‘बिल’, ‘अर्ज’, ‘तहसील’ हे सगळे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. जिल्हाधिकारीही आहे. मुलाने दोन्ही वापरावेत.

मतदार या शब्दाला पुस्तिकेत सर्वांत जास्त जागा दिली आहे, त्याचं कारण एक गोष्ट. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक होती तेव्हा याद्या करायला माणसं घरोघर गेली. उत्तरेतल्या अनेक भागांत बायकांनी परक्या माणसाला आपलं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असं चालणार नाही, मतदार म्हणजे स्वतःच्या नावाचं माणूस. मुदत वाढवून दिली, समजूत काढली, आणि तरीही जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. ज्या राज्यांत हे फार झालं त्यांत राजस्थानही होतं. ही गोष्ट आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सांगून पाहावी. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे वाक्य त्यांना कंटाळवाणं वाटतं. पणजीचं नाव यादीत नव्हतं, कारण तिने ते सांगितलंच नाही, हे ऐकल्यावर ती सरसावून बसतात आणि घरी जाऊन पणजीचं नाव विचारतात. कित्येक घरांत ते सांगणारं माणूस शोधावं लागतं.

मतदानाचं वय आधी २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते १८ झालं. मुलांना या अठराचं फार आकर्षण. पण अठरा होईपर्यंत थांबायलाच हवं असं काही नाही. अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव आहे. तिथे १९७२ साली सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेजने आसपासच्या खेड्यांत रात्रशाळा चालवल्या, कारण मुलं दिवसा शेळ्या चारायला किंवा घरकामात अडकलेली. या शाळांतली मुलं मतदान करून आपली बालसंसद निवडत. त्यांचे खासदार असत, मंत्री असत, पंतप्रधान असे. गुरुजी वेळेवर येतात का, कंदील आहेत का, पिण्याचं पाणी आहे का, यावर ही संसद प्रश्न विचारी आणि मोठ्यांना उत्तरं द्यावी लागत. सकाळी शेळ्यांमागे हिंडणारी मुलगी रात्री मंत्री म्हणून शाळेची पाहणी करते, तेव्हा ‘मंत्री’ या शब्दाचा अर्थ तिला समजावून सांगावा लागत नाही. शहरी शाळांत वर्गमंत्री असतात. ते बहुतेक वेळा बाईंनी नेमलेले आणि गप्प बसणाऱ्यांची नावं न लिहिता बोलणाऱ्यांची लिहिणारे. चौकोनात काय लिहायचं ते मुलांनीच ठरवावं.

राजस्थानने देशाला दिलेला आणखी एक शब्द म्हणजे माहितीचा अधिकार. राजसमंद जिल्ह्यातल्या भीम इथे १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झालं. दुष्काळी कामांवर मजुरी पूर्ण मिळत नाही अशी लोकांची तक्रार होती. सरकारी हजेरीपट, म्हणजे मस्टर रोल, मिळवून ते गावासमोर मोठ्याने वाचायला सुरुवात झाली. या सभांना नाव होतं जनसुनवाई. नावं वाचली जात आणि गावकरी सांगत की हा माणूस कामावर आलाच नव्हता, हा तर कधीच मेला. १९९६ साली ब्यावरच्या चांग गेटपाशी ४० दिवस धरणं चाललं. घोषणा होती, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. राजस्थानचा कायदा २००० साली झाला, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राचा २००२ साली, आणि २००५ मध्ये तो देशाचा कायदा झाला. पुस्तिकेत या शब्दाखाली अर्जाचा नमुना दिला आहे. मुलांनी तो भरून पाठवावा अशी अपेक्षा नाही. पण नमुना वाचल्यावर ‘जनमाहिती अधिकारी’ हे लांबलचक नाव एका खुर्चीत बसलेल्या माणसाचं आहे एवढं त्यांना दिसतं.

आता डोंगराकडच्या बाजूबद्दल. कच्च्या बस्तीतले पत्ते ‘टीला नंबर’ने सांगतात. सेक्टरातल्या कित्येक घरी कामाला येणाऱ्या ताई तिथूनच येतात, त्यांची मुलं आपल्या मुलांच्याच वयाची. त्या मुलांना विधानसभा, राज्यसभा हे शब्द कदाचित उशिरा कळतील, पण एक शब्द ती जन्मापासून ऐकतात: पट्टा. घराखालची जमीन वापरायचा हक्क सांगणारा सरकारी कागद. पट्टा असेल तर घर आपलं, नसेल तर कधीही उठवतील ही धास्ती. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरी सातबाऱ्याबद्दल जितक्या हळू आवाजात बोललं जातं तितक्याच हळू आवाजात इथे पट्ट्याबद्दल. शालेय शब्दसंग्रहांत हा शब्द कधी येत नाही. या पुस्तिकेत तो ‘मतदार’च्या लगेच नंतर आहे. त्याच पानावर ई-मित्र आहे, म्हणजे दाखले आणि बिलं जिथे होतात ते दुकानवजा केंद्र, आपल्याकडच्या सेतूसारखं. मूल निवास प्रमाणपत्र आहे, म्हणजे आपला रहिवासाचा दाखला. सेक्टरातल्या मुलांनी हे पान तेवढंच नीट वाचावं अशी इच्छा आहे.

झालाण्याच्या जंगलात बिबटे आहेत आणि अधूनमधून एखादा लगतच्या वस्तीत उतरतो. मुलांशी बोलायला यापेक्षा चांगला विषय नाही. बिबट्या दिसला, कुणाला बोलवायचं? पार्षदाला? पोलिसांना? कलेक्टरला? वन विभागाला? पोलीस गर्दी हटवतील, बेशुद्ध करायची बंदूक मात्र वन विभागाकडे. वन विभाग राज्य सरकारचा. मग बिबट्याला मारायचा हुकूम कोण देऊ शकतो? वन्यजीवांसाठी १९७२ चा कायदा संसदेने केलेला, तो पाळायचा राज्याने. असं करत करत एका बिबट्यामागे वॉर्डापासून दिल्लीपर्यंत सगळे येतात. पुस्तिकेतला हा धडा पालकांनी स्वतः न सांगता मुलांना भांडू द्यावं.

पालकांसाठी आणखी एक सूचना. वॉर्डाचा क्रमांक, पार्षदाचं आणि महापौरांचं नाव यांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. २०१९ मध्ये जयपूर नगर निगमचे ग्रेटर आणि हेरिटेज असे दोन भाग केले, २०२० मध्ये दोन्हींच्या निवडणुका झाल्या, दोन महापौर झाले. २०२५ मध्ये पुन्हा एकच निगम करायचं ठरलं. वॉर्ड पुन्हा आखले की क्रमांक बदलतात. सरपंच थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी, याबद्दल महाराष्ट्रातही २०१७ पासून दोनदा उलटसुलट झालं. राजस्थानात २०१४ च्या अखेरीस सरपंचपदासाठी आठवी पास असण्याची अट घातली आणि २०१९ मध्ये काढून टाकली. छापील पुस्तक अशा शर्यतीत मागेच पडणार. नियम बदलला तर तो कुणी बदलला, हे मुलाने शोधून समासात लिहावं. आठवी पासची ती अट बरोबर होती का, यावर चौथी-पाचवीतल्या मुलांची मतं ऐकण्यासारखी असतात. ज्यांच्या आजीला लिहिता-वाचता येत नाही ती मुलं फार ठामपणे बोलतात.

मूलभूत कर्तव्यांची यादी पुस्तिकेत आहे, पण मागे आहे. कर्तव्यं संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आली, हक्क पहिल्या दिवसापासून होते. शाळेच्या भिंतींवर मात्र कर्तव्यंच जास्त रंगवलेली दिसतात, कदाचित शाळेला ती सोयीची पडत असावीत. इथला क्रम संविधानाचा आहे.

न्यायालयाचे शब्द थोडेच घेतले. उच्च न्यायालय, खंडपीठ, वकील, साक्षीदार, जामीन. राजस्थान उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जोधपूरला आहे आणि जयपूरला खंडपीठ, हे मुलांना विचित्र वाटतं. राजधानी इथे आणि कोर्ट तिकडे? मुंबई उच्च न्यायालयाची नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे खंडपीठं आहेत हे सांगितलं की शंका मिटते. त्यातलं गोवा तर दुसरंच राज्य आहे हे ऐकून ती पुन्हा सुरू होते.

शेवटच्या पानावर फोन क्रमांक आहेत. ११२ आणि १०९८ कुठेही चालतात. दुसरा लहान मुलांसाठीचा आहे आणि तो मुलांनी पाठच करावा. १८१ बद्दल सांगायला हवं. राजस्थानात तो सरकारी तक्रारींचा, ‘राजस्थान संपर्क’चा क्रमांक आहे. नळाचं, दाखल्याचं, रस्त्याचं, सगळं तिथे नोंदवता येतं. महाराष्ट्रात १८१ म्हणजे महिला हेल्पलाइन. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला आजोळी गेलेल्या मुलाने पाणी आलं नाही म्हणून तो फिरवू नये; तिथे गाव असेल तर ग्रामपंचायत, शहर असेल तर नगरपालिका.